बॉनेटवरचा बिल्ला हा पुरावा नव्हे

१९६९ सालच्या शेवरले कॅमारो दोन लाखांहून जास्त बनल्या. त्यांतल्या फक्त ६९ गाड्यांत कारखान्यातच ४२७ घनइंचांचं, म्हणजे सुमारे सात लिटरचं, संपूर्ण ॲल्युमिनियमचं झेडएल१ इंजिन बसवलेलं होतं. आज त्या ६९ पैकी एखादी लिलावात आली तर साध्या कॅमारोच्या कित्येक पट किंमत घेऊन जाते. आणि बाहेरून बघाल तर ती अगदी साधी दिसते. अंगावर इंजिनाचा आकडा नाही, पट्टे नाहीत, चाकांवर साध्या लहान टोप्या. उलट जिच्यावर सगळे बिल्ले, पट्टे आणि आकडे झळकत असतात, ती गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन बाहेर पडलेली असू शकते.

अमेरिकेत स्थिरावलेल्या ज्या मराठी मंडळींना साठ-सत्तरच्या दशकातली मसल कार घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. भारतात राहून या गाड्यांचा मनापासून अभ्यास करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. गाडी कोणती घ्यावी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण ‘यात कारखान्याचा दुर्मिळ पर्याय आहे’ असं विकणारा म्हणाला, तर ते कसं तपासायचं याची रीत ठरलेली आहे. आधी कागद, मग धातूवरचे शिक्के, आणि रंग, सीट, आवाज हे सगळं त्यानंतर.

त्या काळी अमेरिकेत गाडी कशी विकली जायची हे आधी लक्षात घ्यावं लागतं. गिऱ्हाईक डीलरकडे जाऊन एक फॉर्म भरायचं. इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर किती, ब्रेक कसले, रेडिओ हवा की नको, अशा खुणा त्यावर व्हायच्या आणि त्याप्रमाणे गाडी बनून यायची. प्रत्येक पर्यायाला एक संकेतांक असे. सर्वांत जोरदार पर्याय महाग होते, रोजच्या वापराला गैरसोयीचे होते आणि पुष्कळदा कंपनीलाच ते सामान्य माणसाच्या हाती द्यायचे नव्हते. संख्या कमी राहिली ती यामुळे.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॉर्व्हेटचा एल८८. १९६७ साली या पर्यायासाठी साधारण ९४८ डॉलर जादा मोजावे लागत. त्यात ४२७ घनइंचांचं इंजिन, ॲल्युमिनियमची हेड्स आणि १२.५ ला १ इतकं कॉम्प्रेशन मिळायचं. सोबत जड ब्रेक, कडक सस्पेन्शन आणि एम२२ हा चार गिअरचा बॉक्स घेणं सक्तीचं होतं. या बॉक्सचे गिअर असे कापलेले की त्याच्या घरघरीवरून त्याला ‘रॉक क्रशर’ हे नाव पडलं. त्या वर्षी एल८८ घेतला की रेडिओ मिळत नसे आणि हीटरही मिळत नसे. गाडीत १०३ ऑक्टेनचं पेट्रोल घालण्याची सूचना चिकटवलेली असायची.

आता गंमत बघा. कंपनीच्या माहितीपत्रकात एल८८ ची ताकद ४३० अश्वशक्ती छापलेली होती आणि त्याच कॉर्व्हेटमध्ये अर्ध्याहून कमी पैशांत मिळणाऱ्या एल७१ ची ४३५. साधा माणूस पाच अश्वशक्ती जास्त आणि रेडिओसकट मिळणारी गाडी घेणार, हे कंपनीला ठाऊक होतं. प्रत्यक्षात एल८८ पाचशेच्या वर जायचा. तो शर्यतवाल्यांसाठी होता आणि त्यांच्याकडेच जावा अशी ही योजना होती. १९६७ मध्ये २० गाड्या बनल्या, १९६८ मध्ये ८० आणि १९६९ मध्ये ११६. तेव्हा या काळातल्या कोणत्याही गाडीची योग्यता छापील अश्वशक्तीवरून ठरवू नका. शिवाय १९७१ पर्यंतचे आकडे पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे बोजा न लावता मोजलेले आहेत. १९७२ पासून पद्धत बदलली. कॉर्व्हेटचंच ४५४ घनइंचांचं एलएस५ इंजिन १९७१ मध्ये ३६५ अश्वशक्तीचं होतं, ते पुढच्या वर्षी कागदावर २७० चं झालं. ही घट मुख्यतः मोजमापाच्या पद्धतीची आहे, हे माहीत नसलेला माणूस १९७२ ची चांगली गाडी उगाच सोडून देतो.

सुरुवातीला सांगितलेल्या झेडएल१ चा जन्म वेगळ्याच वाटेने झाला. मध्यम आणि लहान गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा त्या वेळी जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. तो १९७० च्या मॉडेलपासून उठला. पण टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांसारख्या खास मागण्यांसाठी शेवरलेत ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’, थोडक्यात ‘कोपो’, नावाची सोय होती. काही डीलरांनी आणि कंपनीतल्या शर्यतप्रेमी अधिकाऱ्यांनी ती वाट वापरली. इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातले डीलर फ्रेड गिब यांनी कोपो ९५६० या क्रमांकाखाली एकदम ५० झेडएल१ कॅमारो मागवल्या. गाड्या आल्या तेव्हा नुसत्या इंजिनाचे ४,१६० डॉलर लावलेले होते आणि एका गाडीचं बिल ७,२०० डॉलरच्या वर गेलं होतं. साधी व्ही-८ कॅमारो तेव्हा तीन हजारांच्या आत मिळत होती. गिब यांना त्या सगळ्या विकता येईनात. शेवटी बऱ्याच गाड्या कंपनीने परत घेऊन इतर डीलरांकडे वळवल्या. त्याच वर्षी कोपो ९५६१ खाली लोखंडी ब्लॉकचं ४२७ इंजिन घातलेल्या कॅमारोही निघाल्या. त्या यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत आणि आज बाजारात ‘कोपो’ म्हणून येणारी गाडी बहुधा याच प्रकारची असते. या दोन क्रमांकांत एका आकड्याचा फरक आहे आणि किमतीत आभाळाएवढा. विकणारा नुसतं ‘कोपो’ म्हणाला तर कोणती, हा पहिला प्रश्न विचारा.

आता कागदांकडे येऊ. इथे प्रत्येक कंपनीची परिस्थिती निराळी आहे आणि ती समजून घेतली तर अर्धी फसवणूक टळते.

क्रायस्लरच्या, म्हणजे डॉज आणि प्लिमथच्या, गाड्या या बाबतीत सर्वांत सोप्या. चासी नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. १९७० आणि १९७१ च्या गाड्यांत ‘आर’ म्हणजे ४२६ हेमी आणि ‘व्ही’ म्हणजे तीन कार्ब्युरेटरचं ४४०. १९६८-६९ मध्ये हेमीसाठी ‘जे’ होतं. तेव्हा १९७१ ची ‘कुडा हेमी म्हणून दाखवली आणि पाचवं अक्षर ‘आर’ नसेल, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. इंजिनाच्या कप्प्यात मडगार्डाच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावर गाडीचे बरेच पर्याय संकेतांकात ठोकलेले असतात, हेमीसाठी ई७४. शिवाय कारखान्यातल्या कामगारांसाठी छापलेला तपशीलवार कागद बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा गालिच्याखाली तसाच राहून गेला आहे. तो सापडला आणि चासी नंबराशी जुळला तर तो सोन्याच्या मोलाचा. १९७१ च्या हेमी ‘कुडा कन्व्हर्टिबल सगळ्या मिळून ११ बनल्या असं मानतात. त्यांतली एक २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. एवढी रक्कम पाचव्या अक्षरावर आणि पत्र्याच्या पट्टीवर उभी असते, म्हणून ही पट्टी नवी बनवून देणारेही आहेत. पट्टीच्या स्क्रूंवर, भोकांभोवतीच्या रंगावर आणि अक्षरांच्या ठशावर जाणकाराची नजर फिरवून घ्याच.

फोर्डच्या गाड्यांतही पाचवं अक्षर इंजिनाचं. त्यावर आणखी सोय अशी की १९६७ पासूनची कारखान्याची नोंद मार्टी ऑटो वर्क्स या संस्थेकडे आहे. थोडे पैसे भरले की तुमच्या चासी नंबराची गाडी कोणत्या रंगात आणि कोणत्या पर्यायांसह बनली याचा अहवाल ते देतात. फोर्ड घेणाऱ्याने हा अहवाल पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही एक बारकावा उरतोच. १९६९ च्या मस्टँगमध्ये ४२८ कोब्रा जेट इंजिनाला ‘क्यू’ किंवा ‘आर’ अक्षर असतं. ‘आर’ म्हणजे बॉनेटमधून थंड हवा ओढणारं. पण त्याहून मजबूत सुपर कोब्रा जेटला वेगळं अक्षर नाही. गिऱ्हाइकाने मागच्या ॲक्सलचं ३.९१ किंवा ४.३० गुणोत्तर निवडलं की ड्रॅग पॅक लागू व्हायचा आणि इंजिनाच्या आतले कनेक्टिंग रॉड बदलायचे, बाहेर ऑइल कूलर यायचा. म्हणून या गाडीत दरवाज्यावरच्या पट्टीतला ॲक्सलचा संकेतांक बघायचा. ३.९१ साठी ‘व्ही’ आणि ४.३० साठी ‘डब्ल्यू’. इंजिनाची ओळख ॲक्सलवरून पटते, अशी ही गाडी आहे.

बॉस ४२९ ची नक्कल करणं मात्र कठीण. नॅसकार शर्यतीसाठी इंजिनाला मान्यता मिळवायची म्हणून फोर्डने ही मस्टँग रस्त्यावर विकली. ते इंजिन इतकं रुंद होतं की मिशिगनमधल्या ब्रायटन इथे कार क्राफ्टच्या कारखान्यात पुढच्या सस्पेन्शनचे मनोरे बदलून जागा करावी लागली. बॅटरी डिकीत हलवली. १९६९ आणि १९७० मिळून चौदाशेच्याही आत गाड्या झाल्या. पत्र्याच्या आणि वेल्डिंगच्या या खुणा वाचता येणारा माणूस सोबत असेल तर इथे फसण्याची भीती कमी.

पाँटिॲकसाठी पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस मूळ बिलाच्या नोंदीची प्रत पुरवते. १९६९-७० च्या जीटीओमध्ये राम एअर ३ आणि राम एअर ४ यांच्यातला फरक बाहेरून खात्रीने समजत नाही आणि किमतीतला फरक मोठा असतो, म्हणून ही प्रत अनिवार्य समजा.

आणि शेवरले? सर्वांत जास्त गाड्या त्यांच्या, सर्वांत जास्त दुर्मिळ संकेतांक त्यांचे आणि सर्वांत कमी नोंदी त्यांच्याच. १९६९ च्या कॅमारोचा चासी नंबर वाचला तर ‘व्ही-८ कूपे, १९६९, नॉरवूड किंवा लॉस एंजेलिसचा कारखाना’ एवढंच कळतं. झेड/२८, एसएस किंवा झेडएल१ असं त्यात काहीही नाही. १९७० च्या शेवेलचंही तेच. ४५४ घनइंचांचं, ४५० अश्वशक्तीचं एलएस६ इंजिन शेवेल आणि एल कॅमिनो मिळून ४,४७५ गाड्यांत गेलं. आज त्याहून कितीतरी जास्त गाड्यांवर ते आकडे दिसतात, कारण बिल्ले आणि बॉनेट विकत मिळतात. कॅनडात विकलेल्या गाड्यांची नोंद जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या कार्यालयाकडून मिळते, ती मोठी सोय. अमेरिकेत विकलेल्या शेवरलेसाठी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला कारखान्याचा कागद, वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची छोटी पट्टी, डीलरचं मूळ बिल किंवा काचेवर लावलेला किमतीचा कागद यांपैकी काहीतरी हवंच. यातलं एकही नसेल तर ती गाडी दुर्मिळ पर्यायाची म्हणून विकत घेऊ नका. साधी गाडी म्हणून घ्या, साध्या गाडीच्या भावात.

कागद पटले की टॉर्च घेऊन इंजिनापाशी जा. शेवरलेच्या व्ही-८ मध्ये चालकाच्या विरुद्ध बाजूला, हेडच्या पुढे, ब्लॉकवर एक लहान सपाट जागा असते. तिथे इंजिन जुळवल्याची तारीख आणि दोन-तीन अक्षरी संकेतांक ठोकलेला असतो. उदाहरणार्थ ‘टी०३०४सीआरव्ही’. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना, ०३०४ म्हणजे ४ मार्च आणि सीआरव्ही म्हणजे चार गिअरच्या शेवेलसाठीचं एलएस६. जवळच चासी नंबराचा शेवटचा भाग ठोकलेला असतो आणि तो गाडीच्या नंबराशी जुळला पाहिजे. ब्लॉक ओतल्याची तारीख वेगळी, ओतीवातच उठलेली. तिच्यात महिन्याला अक्षर असतं, जानेवारी ए, फेब्रुवारी बी अशा क्रमाने. मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘बी १२ ०’ म्हणजे १२ फेब्रुवारी १९७०. आधी ओतीव, मग जुळणी, मग गाडी, हाच क्रम असणार. ब्लॉक गाडीनंतर ओतलेला निघाला तर सगळा दावा तिथेच कोसळतो. हीच तपासणी गिअरबॉक्स, ॲक्सल, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरवर करा. त्यांच्यावरही तारखा असतात.

त्या सपाट जागेवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा असतात. जुने आकडे घासून नवे ठोकले की त्या जातात. मात्र रेघा नाहीत म्हणून लगेच कुणाला लबाड म्हणू नये. इंजिन दुरुस्तीत ब्लॉकचा माथा घासला तरी त्या पुसल्या जातात. अशा वेळी दावा सिद्ध झाला नाही एवढंच म्हणावं आणि भाव त्याप्रमाणे लावावा. चासी नंबराच्या पट्टीत ढवळाढवळ केलेली दिसली तर मात्र चर्चा न करता बाहेर पडा. अमेरिकेत तो केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे आणि अशी गाडी जप्तही होऊ शकते.

‘फॅक्टरी’ हा शब्द विक्रेते सैल वापरतात. कारखान्यात बसवलेला भाग, डीलरने आपल्या वर्कशॉपमध्ये बसवलेला भाग आणि काउंटरवर सुटा विकलेला भाग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पेनसिल्व्हेनियातले डीलर डॉन येन्को यांनी १९६७ मध्ये कॅमारोत मोठी इंजिनं स्वतःच्या दुकानात बदलली. १९६९ च्या त्यांच्या गाड्या मात्र कोपोच्या वाटेने ४२७ इंजिनासकटच आल्या. पाँटिॲकचं राम एअर ५ काउंटरवर विकलं गेलं. झेड/२८ चं दोन कार्ब्युरेटरचं क्रॉस-रॅम मॅनिफोल्डही असंच सुटं मिळणारं. या सगळ्या गोष्टी मौल्यवान आहेत, पण ‘कारखान्यातून आलेली क्रॉस-रॅम झेड/२८’ अशी जाहिरात वाचली तर जादा पैसे मोजू नका.

आकड्यांचा आणखी एक खेळ सर्रास चालतो. ‘जगात अशी एकच’ असं सांगितलं जातं. हिरवा रंग, पांढरं छत, बेंच सीट, अमुक गुणोत्तर असं सगळं एकत्र केलं तर जवळजवळ प्रत्येक गाडी जगात एकच ठरते. किंमत ठरते ती इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी या तिघांच्या संख्येवर. त्यापलीकडच्या दुर्मिळतेला मी फार किंमत देत नाही. अपवाद खऱ्या यांत्रिक पर्यायांचा. १९६९ च्या कॅमारोवर जेएल८ नावाचा चारही चाकांना डिस्क ब्रेक देणारा पर्याय होता. पाचशे डॉलर लागत असल्यामुळे तो फक्त २०६ गाड्यांवर गेला.

गाडी चालवायची आहे की जपून ठेवायची, हे घेण्याआधी ठरवा. चालवायची असेल तर माझी पसंती ब्युइकला. १९७० च्या ब्युइक जीएसचं ४५५ घनइंचांचं स्टेज १ इंजिन ३६० अश्वशक्तीचं, पण त्याचा टॉर्क ५१० पाउंड-फूट आणि तोही २,८०० फेऱ्यांवर. सिग्नलला उभी राहून कुरकुर न करणारी, हायवेवर एका दाबात निघणारी ही गाडी आहे. तिची पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगातली जीएसएक्स आवृत्ती त्या वर्षी ६७८ च बनली, त्यांत ४०० ना स्टेज १ होतं. ती परवडली नाही तर साधी जीएस स्टेज १ बघा. दुसरी पसंती १९७३-७४ च्या पाँटिॲक ट्रान्स ॲममधल्या सुपर ड्यूटी ४५५ ला. मसल कारचा काळ संपत आला असताना पाँटिॲकच्या अभियंत्यांनी हे इंजिन नेटाने बाजारात आणलं. १९७३ मध्ये ते २५२ ट्रान्स ॲममध्ये गेलं, १९७४ मध्ये ९४३ मध्ये. १९७२ पासून जनरल मोटर्सच्या चासी नंबरातही इंजिनाचं अक्षर आल्यामुळे तिथे पाचव्या जागी ‘एक्स’ दिसतो. कॉम्प्रेशन कमी असल्याने आजच्या पेट्रोलवर ती बिनतक्रार चालते.

एलएस६ किंवा हेमी घेतलीत तर पेट्रोलचा विचार आधी करा. एलएस६ चं कॉम्प्रेशन ११.२५ ला १ आहे आणि पंपावरचं सर्वांत महाग पेट्रोलही त्याला कमी पडतं. शर्यतीचं पेट्रोल मिसळावं लागतं किंवा दुरुस्तीच्या वेळी पिस्टन बदलून कॉम्प्रेशन उतरवावं लागतं. जुने पिस्टन मात्र टाकून देऊ नका. जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल लागतं, आणि सॉलिड लिफ्टर असलेल्या इंजिनात व्हॉल्व्हचं अंतर ठरावीक काळाने जुळवावं लागतं. विमा उतरवताना दोन्ही बाजूंनी आधीच ठरलेल्या किमतीची पॉलिसी घ्या. नेहमीच्या पॉलिसीत पन्नास वर्षांच्या गाडीची भरपाई नगण्य मिळते.

नक्कल केलेल्या गाडीला नाक मुरडण्याचं कारण नाही. जी नक्कल म्हणूनच विकली जाते आणि त्याच भावात मिळते, ती तुम्हाला तोच आवाज, तोच धक्का देते. उन्हापावसाची काळजी न करता तुम्ही ती रस्त्यावर काढू शकता. धोका अर्धवट सिद्ध झालेल्या गाडीत असतो, कारण ती अस्सलच्या भावात घ्यावी लागते आणि विकताना नकलेच्या भावात जाते.

डोळा तयार करायचा तर अस्सल गाड्या पुष्कळ बघायला हव्यात. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर निघणारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ आणि नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळ रोझमाँटला भरणारं मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स ही त्यासाठी उत्तम ठिकाणं. मालकांशी बोला. बॉनेट उघडून शिक्का दाखवायला बहुतेकांना आनंदच होतो.

आणि अशी गाडी तुमच्या घरी आलीच, तर एवढं करा. इंजिन उघडण्याआधी प्रत्येक शिक्क्याचे आणि ओतीव तारखेचे स्पष्ट फोटो काढून ठेवा, मूळ कागद गाडीत न ठेवता घरात कोरड्या जागी ठेवा, आणि ब्लॉक मशीनिंगला देताना कामाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून द्या की आकडे ठोकलेल्या जागेला हत्यार लावायचं नाही.